दिवंगत ऑर्थोडॉन्टिस्टवर लिहायचंय? आधी दवाखान्याची किल्ली हातात ठेवा

इंदूरच्या मराठी मंडळांच्या वार्षिक अंकांसाठी आणि श्रद्धांजली सभेत वाटायच्या छोट्या पुस्तिकांसाठी आलेले लेख मी बरीच वर्षं तपासतो आहे. तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांवरच्या लेखांत एक दोष हटकून असतो. नाव बदललं तर तोच लेख दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला चालतो. हसतमुख, मनमिळाऊ, गोरगरिबांचे आधार, हजारो चेहऱ्यांवर हसू फुलवणारे. चाळीस वर्षं या माणसाने रोज नेमकं काय केलं, ते लेखात कुठेच नसतं.

लिहिणाऱ्यांचं प्रेम कमी पडत नाही, कामाचा क्रम चुकतो. लेख आधी लिहायला घेतात, माहिती नंतर शोधतात, आणि तोवर दवाखाना रिकामा झालेला असतो. सर्जनच्या कामाची खूण पेशंटच्या अंगावर राहते. ऑर्थोडॉन्टिस्टचं काम नीट झालं की दिसतच नाही, सरळ दात पाहून ते कोणी सरळ केले हे कोणी विचारत नाही. पुरावा उरतो तो दवाखान्याच्या कपाटांत आणि लॅबमधल्या माणसांच्या आठवणीत, आणि दोन्ही फार लवकर हातातून जातात.

म्हणून खालचा क्रम पाळा. लिहिणं त्यात सहावं आहे.

## १. आधी तोंडात तारा असलेले पेशंट

पहिलं काम स्मरणाचं नाही, सोय लावण्याचं आहे. तारांचे उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतात. डॉक्टर गेले त्या दिवशी डझनावारी मुलांच्या तोंडात तारा असतात. कोणी बघितलंच नाही तर दात नको तिकडे सरकतात, तारेभोवती अन्न अडकून कीड लागते. ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर महिन्याच्या महिन्याला पेशंट तपासले, त्यांच्या नावाने पुस्तिका छापायची आणि त्यांचे पेशंट वाऱ्यावर सोडायचे, हे मला पटत नाही.

अपॉइंटमेंटच्या डायरीवरून चालू पेशंटांची यादी करा. डॉक्टरांच्या एखाद्या सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला यादी दाखवून पेशंट कोणाकडे पाठवायचे ते ठरवा. प्रत्येकासोबत त्याची मॉडेलं (दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती), एक्स-रे आणि उपचाराचा कागद गेला पाहिजे. ब्रॅकेटची, म्हणजे दातावरच्या ज्या तुकड्यात तार बसते त्याची, खाच ०.०१८ इंचाची आहे की ०.०२२ ची, आणि सध्या कोणती तार घातलेली आहे, ही नोंद त्यात हवीच. नव्या डॉक्टरला पुढची तार त्यावरूनच ठरवायची असते. पैसे बहुतेकदा हप्त्यांत घेतलेले असतात, तेव्हा हिशेबाची वहीही याच वेळी बघून घ्या.

तपासा: पेशंटचे कागद पुढे देताना आधी त्यांचे फोटो काढलेत का? आणि यादीतल्या प्रत्येक घरी फोन गेला का? दवाखान्याच्या दारावर चिठ्ठी लावून भागत नाही. खरगोन-धारहून येणाऱ्या मुलाचे वडील ती चिठ्ठी बसभाडं खर्चून इथे आल्यावर वाचतात.

## २. दवाखाना जसा आहे तसा टिपून घ्या

बहुतेक माहिती इथेच हातची जाते. दवाखान्याची जागा भाड्याची असते, मालकाला ती हवी असते, मुलं पुण्याला किंवा परदेशात असतात आणि तेराव्यानंतर चार दिवसांत सगळं आवरायचं ठरतं. मग खुर्ची विकली जाते, पुस्तकं कोणीतरी नेतो, एक्स-रे भंगारात जातात आणि मॉडेलं मलब्यात.

घरच्यांशी बोलून किल्ली एका जबाबदार माणसाकडे ठेवा. एकही वस्तू हलवायच्या आधी फोटो काढा. चारही भिंती, प्रत्येक खण उघडा असताना, खुर्चीशेजारचा ट्रे. कोणता प्लायर (तार वाकवायची पक्कड) हाताशी होता आणि कोणता मागच्या खणात गंजत होता, यावरून डॉक्टर कोणत्या पद्धतीने काम करत ते जाणकाराला कळतं. वस्तू एकदा खोक्यात गेल्या की ही माहिती संपली.

मग वेगळं काढायला लागा.

कागद. पदव्या, राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, नेमणुकीचे आणि बदल्यांचे आदेश, परिषदांच्या स्मरणिका, पत्रं. एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा, शोधप्रबंध असेल तर तो हमखास ठेवा. काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा हा ठोकळा जाडजूड म्हणून टाकून देतात. त्यात मार्गदर्शकाचं नाव, वर्ष, महाविद्यालय आणि ऋणनिर्देश असतो. त्या ऋणनिर्देशातली नावं म्हणजे पुढे कोणाला फोन करायचे त्याची तयार यादी.

प्लास्टरची मॉडेलं. एक हातात घेऊन नीट बघा. वरचा आणि खालचा जबडा असा जोड असतो. तळ आणि बाजू कोनात घासलेल्या असतात, म्हणजे जोड मागच्या बाजूवर उभा ठेवला तरी दात बरोबर मिटतात. चांगलं मॉडेल साबणाच्या पाण्यात बुडवून, पुसून चकचकीत केलेलं असतं. हा गुळगुळीतपणा बोटाला जाणवतो. तळाशी नाव, क्रमांक, तारीख आणि वय असतं, वय पुष्कळदा वर्षं आणि महिने असं. घासणी किती काटेकोर आहे यावरून डॉक्टरांची शिस्त दिसते, आणि ते मॉडेल घासणारा सहायक कोण होता हा पुढचा प्रश्नही तिथेच मिळतो.

ट्रेसिंग. चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून हाताने काढलेल्या रेषा. सुरुवातीची रेघ काळी, मधली निळी, उपचार संपल्यावरची लाल, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत असे. काळी आणि लाल रेघ एकावर एक असलेला एक चांगला कागद तुमच्या लेखातलं सर्वांत बोलकं चित्र ठरू शकतो.

हत्यारं आणि हातकाम. हाताने वाकवलेल्या तारा, जुना स्पॉट वेल्डर, मेणात दात बसवलेला शिकवण्याचा टायपोडॉन्ट. या वस्तूंना चिठ्ठ्या बांधा: कुठे सापडली, कोणी ओळखली, कोणत्या दिवशी.

सावधान: मॉडेलं मोजून पेशंटांचा आकडा काढू नका. एका पेशंटची उपचारापूर्वीची, मधली आणि नंतरची अशी दोन-तीन जोड मॉडेलं असतात. कपाटात सहाशे जोड सापडले म्हणजे सहाशे पेशंट नव्हेत. उलट, जागा नाही म्हणून जुनी मॉडेलं डॉक्टरांनीच कधीतरी टाकलेली असतात. आकडा द्यायचाच तर केस-रजिस्टरवरून द्या, आणि रजिस्टर कोणत्या वर्षापासूनचं आहे तेही लिहा.

सावधान: जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून त्या विकत घेणारे भंगारवाले असतात. फिल्मवर पेशंटचं नाव असतं. नाव काढल्याशिवाय एकही फिल्म बाहेर जाऊ देऊ नका.

सावधान: मॉडेलं ओलाव्याने खराब होतात. आवराआवर पावसाळ्यात असेल तर खोकी जमिनीवर ठेवू नका आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका.

## ३. तारखांचा एकच कागद

लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा: घटना, तारीख, कशावरून. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती तारीख अजून कच्ची आहे. लेखांतल्या बहुतेक चुका या कागदाअभावी होतात. नेहमीच्या खाचखळग्यांची जागा दाखवतो.

मृत्यूची तारीख. इंदूरच्या वर्तमानपत्रांत उठावण्याची, म्हणजे निधनानंतरच्या शोकबैठकीची, जाहिरात येते, आणि पुढे कोणीतरी तीच तारीख निधनाची म्हणून उतरवतो. महापालिकेचा मृत्यूचा दाखला बघा. वर्षश्राद्ध तिथीने होतं, स्मृतिदिन तारखेने. पुस्तिकेत दोन्ही द्यायचे असतील तर वेगवेगळे लिहा.

जन्मतारीख. त्या पिढीत शाळेत घातलेली तारीख आणि खरी तारीख पुष्कळदा वेगळी असते. सेवापुस्तिकेतली तारीख शाळेची असते. घरच्यांना विचारा, आणि तफावत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

जन्मस्थळ. १९४८ च्या आधी इंदुरात जन्मलेला माणूस होळकर संस्थानात जन्मला. नंतरचा मध्य भारतात, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशात. १९४३ च्या जन्मापुढे "मध्य प्रदेश" लिहिणं चूकच.

विद्यापीठ. इंदूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६१ चं, तर इंदूर विद्यापीठ १९६४ चं. म्हणजे अगदी सुरुवातीच्या तुकड्यांच्या कागदांवर दुसऱ्या विद्यापीठाचं नाव दिसू शकतं, ते खोडू नका. इंदूर विद्यापीठाला देवी अहिल्या विद्यापीठ हे नाव १९८८ मध्ये मिळालं. १९७५ ची पदवी "देवी अहिल्या विद्यापीठाची" असं लिहिलेलं मी वारंवार वाचतो. पदवीवर जे छापलंय तेच लिहा.

वर्ष कोणतं? परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, पदवीदानाचं वर्ष आणि परिषदेकडे नोंदणी झाल्याचं वर्ष ही तीन वेगळी असू शकतात. लेखभर एकच धरा.

बायकांची नावं. याकडे फार दुर्लक्ष होतं. डॉक्टर बाईंनी बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी, माहेरच्या नावाने केलं असेल, एमडीएस सासरच्या, आणि आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदललेलं असू शकतं. एकाच नावाने नोंदी शोधल्या तर अर्धं करिअर सापडत नाही, आणि मग "लग्नानंतर काही काळाने त्यांनी शिक्षण पूर्ण केलं" अशी साफ चुकीची ओळ छापली जाते. लग्नपत्रिका शोधा, दोन्ही पूर्ण नावं कागदाच्या डोक्यावर लिहा आणि प्रत्येक नोंद दोन्ही नावांनी तपासा. लेखातही माहेरचं नाव द्या. त्यांच्या वर्गमित्र-मैत्रिणी त्यांना त्याच नावाने ओळखतात.

"पहिले ऑर्थोडॉन्टिस्ट". माळव्यातले पहिले, मध्य भारतातले पहिले, इंदुरातले पहिले. हा दावा दर दुसऱ्या लेखात असतो. त्यात तीन प्रश्न दडलेले असतात: पहिले एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स, की फक्त तारांचं काम करणारे पहिले, की स्वतःचा दवाखाना काढणारे पहिले? एमडीएस न करताही तारा लावणारे दंतवैद्य होते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवहीचे अ आणि ब असे दोन भाग केले, अ मध्ये मान्य पदवी असलेले आणि ब मध्ये पदवीशिवाय आधीपासून व्यवसाय करणारे. राज्य परिषदेच्या नोंदवहीत क्रमांक आणि वर्ष बघितल्याशिवाय "पहिले" लिहू नका. "इंदुरात १९७० च्या दशकात तारांचं काम करणाऱ्या मोजक्या डॉक्टरांपैकी एक" हे वाक्य खरं असेल तर तेवढं पुरेसं मानाचं आहे.

संस्थापक सदस्य. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. "१९६२ पासून सदस्य" असं कोणी सांगितलं तर कागद मागा. आजीव सदस्य आणि संस्थापक सदस्य हे वेगळे.

गुरू कोण? उपचारपद्धतींची नावं माणसांची आहेत आणि त्यामुळे लेखांत मोठे घोटाळे होतात. रजिस्टरमध्ये "बेग" लिहिलेलं दिसलं की घरचे समजतात, डॉक्टर कोणा बेगसाहेबांकडे शिकले. ती बारीक तारेची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या रेमंड बेग यांची, त्यांचा काळ १८९८ ते १९८३. "ट्वीड कोर्स केला" म्हणजे चार्ल्स ट्वीड यांच्या हाताखाली शिकले असं नाही. ट्वीड १९७० मध्ये वारले, अमेरिकेत टूसान इथे त्यांच्या नावाचा अभ्यासक्रम पुढेही चालू राहिला. आणि केसच्या कागदावर "क्लास टू" असतं तो शाळेतला वर्ग नसतो. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे जे प्रकार पाडले त्यांतला तो एक.

तपासा: तारखांच्या कागदावरून मोठ्याने वाचा. वयाच्या कितव्या वर्षी काय झालं याची वजाबाकी करा. एकोणिसाव्या वर्षी एमडीएस किंवा निवृत्तीनंतर बढती निघाली तर कुठेतरी गडबड आहे.

## ४. माणसं: कोणाला आधी, काय विचारायचं

परवानगी घरच्यांची आधी घ्या, पण मुलाखतींची सुरुवात घरापासून करू नका. पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांना आजारपणच आठवत असतं. तसंच, मोठ्या नावाच्या डॉक्टरांपासूनही सुरुवात नको. ते शोकसभेत बोललेलंच पुन्हा सांगतात.

सुरुवात लॅबच्या टेक्निशियनपासून करा. ज्या दादांनी वीस वर्षं डॉक्टरांच्या प्लेटा बनवल्या त्यांना डॉक्टरांचा हात ठाऊक असतो. ते माप कसं घेत, लॅबच्या चिठ्ठीवर काय लिहीत, काम परत का पाठवत. मग दवाखान्यातल्या ताई: फोन उचलणाऱ्या, हत्यारं उकळणाऱ्या. मग जुने पेशंट, मग विद्यार्थी, मग सहकारी, आणि शेवटी निवांतपणे घरचे.

"डॉक्टर कसे होते?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "देवमाणूस" असं येतं आणि तिथेच बोलणं संपतं. कामाबद्दल विचारा:

- कुठली केस घ्यायला त्यांनी नकार दिला? का?
- तार वाकवताना पहिली कोणती हालचाल करत? चुकली तर तीच सरळ करत की नवी घेत?
- रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर ठेवणारी प्लेट) न लावणाऱ्या मुलांशी कसं बोलत? आईबापांसमोर की एकट्याला घेऊन?
- एसटीने, रेल्वेने बाहेरगावाहून येणाऱ्यांना कोणती वेळ देत?
- काम बिघडलंय असं त्यांनी कधी स्वतःहून पेशंटला सांगितलं का?

दात काढण्याबद्दल मात्र प्रत्येकाला विचारा. या विषयातलं हे सर्वांत जुनं भांडण आहे. अँगल यांचं म्हणणं होतं, सगळे दात जबड्यात बसवायचे, एकही काढायचा नाही. त्यांचेच शिष्य ट्वीड यांनी न काढता केलेल्या केसेस पुन्हा बिघडलेल्या पाहिल्या आणि पुढच्या दाढांतले चार दात काढून त्या पुन्हा केल्या. प्रत्येक ऑर्थोडॉन्टिस्ट या दोन टोकांमध्ये कुठेतरी उभा असतो, आणि वयानुसार जागा बदलतो. तुमचे डॉक्टर तरुणपणी किती केसेसमध्ये दात काढत आणि साठीनंतर किती, का बदलले, हे कळलं तर त्यांच्या करिअरचा कणा हाती आला.

आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण. वरचा दात काढला की डोळा अधू होतो, ही समजूत इथल्या घराघरांत होती, अजूनही आहे. आजी दवाखान्यात येऊन ठाण मांडून बसे. डॉक्टर तिला काय सांगत? चित्र काढून दाखवत, की नातवाला घेऊन पुढच्या महिन्यात या म्हणत? आणि "मुलीचं बघायला सुरुवात करायची आहे, सहा महिन्यांत दात आत घ्या" म्हणणाऱ्या आईवडिलांना? कुठे नमतं घेतलं आणि कुठे ठाम राहिले, यात माणूस दिसतो. दहा विशेषणांनी तो दिसत नाही.

डॉक्टरांनी दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांवर काम केलं असेल तर त्या कामाला वेगळा वेळ द्या. अशा मुलाला पुष्कळदा जन्मानंतर लगेच प्लेट लागते, पुढे कायमचे दात आल्यावर तारा, म्हणजे एकाच मुलाशी पंधरा-सोळा वर्षांचं नातं. एमवायमध्ये (इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात) किंवा शिबिरांत केलेलं हे काम खाजगी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नसतं. त्यासाठी प्लास्टिक सर्जनांना आणि त्या काळच्या परिचारिकांना शोधा.

सावधान: दवाखान्यातली माणसं हिंदीत किंवा माळवीत बोलतील. त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत ठेवा. झाडलोट करणाऱ्या बाईंच्या तोंडी सदाशिव पेठेतली मराठी घातली की सगळं खोटं वाटायला लागतं.

तपासा: फोनवर रेकॉर्ड करताना परवानगी विचारलीत का? प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला नाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं डॉक्टरांशी काय नातं ते स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा.

## ५. पेशंटांची परवानगी

हे थोडक्यात, पण यात सूट नाही. कोणत्याही पेशंटचं नाव, चेहऱ्याचा फोटो किंवा ओळखू येईल असा तपशील लेखी परवानगीशिवाय छापू नका. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की चालतं हा गैरसमज आहे. ओळखीची माणसं तशीही ओळखतात, आणि इंदूरचं मराठी जग लहान आहे. फोटो लहानपणीचा असला तरी परवानगी आजच्या मोठ्या माणसाची लागते. मॉडेलच्या फोटोत तळावरचं नाव दिसत नाही ना, ते बघा.

डॉक्टरांच्या आजाराचं नावही घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नको.

## ६. आता लिहा

आधी ठरवा, काय लिहिताय. वर्तमानपत्रातली बातमी, संघटनेच्या जर्नलसाठी पानभराची श्रद्धांजली आणि मंडळाच्या अंकातला मोठा लेख हे तीन वेगळे मजकूर आहेत. एकच मजकूर कापून-वाढवून तिन्हीकडे पाठवला की तिन्ही बिघडतात. जर्नलच्या वाचकाला "क्लास टू" समजावून सांगायला नको आणि मंडळाच्या वाचकाला ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिल्या परिच्छेदात साधी माहिती द्या: कोण, कधी, कुठे, काय काम. "काळाने झडप घातली", "कधीही भरून न निघणारी पोकळी", "अनंतात विलीन" हे काढून टाका. ते प्रत्येकासाठी लिहिलेलं असतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांसाठी ते नसतं.

मग शिक्षण, थोडक्यात. मग काम, आणि लेखाचा निम्मा भाग कामाला. एक केस सविस्तर घ्या: मुलगा कोणत्या तक्रारीने आला, डॉक्टरांनी काय पाहिलं, काय ठरवलं, किती दिवस लागले, मधे काय अडलं, शेवटी काय झालं. फरक कसा पडतो ते दोन नमुना-वाक्यांत दाखवतो.

कच्चं: "डॉक्टरांना ग्रामीण रुग्णांविषयी अपार कळवळा होता."

पक्कं: "देवास-उज्जैनहून बसने येणाऱ्या मुलांना ते दुपारी बाराच्या आत मोकळं करत, म्हणजे संध्याकाळचा क्लास बुडत नसे. इंदूरच्या मुलांना त्यासाठी थांबावं लागे आणि त्यावरून कुरबूर होई."

दुसऱ्या वाक्यात कळवळा हा शब्दच नाही. कुरबूर मुद्दाम ठेवली आहे. ती काढली की वाक्य पुन्हा स्तुतीत जमा होतं. डॉक्टर तापट असतील तर तेही लिहा. विद्यार्थ्यांनी वाकवलेली तार ते चिमटीत धरून कचऱ्यात टाकत असतील तर ते पहिल्यांदा तेच विद्यार्थी सांगतात, आणि प्रेमाने सांगतात.

मान देणाऱ्या शब्दांकडे लक्ष द्या. "कै." हिंदू घरात चालतं. पारशी, ख्रिस्ती, मुसलमान डॉक्टरांसाठी "दिवंगत" लिहा. हिंदीच्या सवयीने एका पानावर "स्व." आणि दुसऱ्यावर "कै." होऊ देऊ नका. डॉक्टर बाईंना अख्ख्या लेखात "मॅडम" आणि पुरुष डॉक्टरांना आडनाव, हेही टाळा.

जुन्या फोटोच्या ओळी लिहिताना दात बघा. प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी असेल तर फोटो त्या काळचा, जेव्हा ब्रॅकेट थेट दातावर चिकटवत नसत. एवढ्यावरून नेमकं वर्ष सांगता येत नाही, पण "१९९८ मधली केस" असं कोणी म्हणत असेल तर पुन्हा विचारण्याइतका आधार मिळतो.

तपासा: डॉक्टरांचं नाव झाकून लेख दवाखान्यातल्या ताईंना वाचून दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्यांनी ओळखलं नाही तर चौथ्या टप्प्यावर परत जा.

## ७. दाखवणं आणि छापणं

मसुदा तिघांना द्या: घरच्यांपैकी एक, विषयातला एक, आणि डॉक्टर नसलेला एक. घरच्यांनी सांगितलेली तारखेची, नावाची चूक लगेच सुधारा. मजकुराबद्दल मतभेद झाला तर बसून बोला. कोणाला सगळं गोड हवं असतं, कोणाला जुना हिशेब चुकता करायचा असतो. दोन्हींसाठी एकच कसोटी: ही गोष्ट कोणी पाहिली, आणि सांगणाऱ्याचं नाव आपण छापू शकतो का?

डॉक्टर शिक्षक असतील तर हिंदीतही मजकूर करा. त्यांचे बहुसंख्य विद्यार्थी हिंदी बोलणारे असणार, आणि मराठी अंकातला लेख त्यांच्या हाती कधीच पडणार नाही. हिंदी मजकूर विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्या. तो त्यात स्वतःच्या आठवणी घालेल, तर घालू द्या.

घाई दोनच ठिकाणी करा. संघटनेला निधनाची माहिती लगेच कळवा, पदव्या आणि एका स्वच्छ फोटोसह. आणि वृद्ध सहकाऱ्यांच्या मुलाखती आधी उरका. बाकी लेख वर्षश्राद्धाला आला तरी चालेल.

## ८. वस्तूंचं काय करायचं

सगळं ठेवता येत नाही, ठेवूही नये. मॉडेलांतले दहा-बारा उत्तम जोड निवडायला डॉक्टरांच्या एखाद्या विद्यार्थ्याला बसवा. प्रत्येक जोडाचे पाच बाजूंनी फोटो काढा: समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरचा जबडा, खालचा जबडा. मग नावं खोडून, फक्त क्रमांक, वय आणि तारीख ठेवून ती हवी आहेत का, असं दंत महाविद्यालयाच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागाला विचारा. विचारल्याशिवाय टेम्पो भरून पाठवू नका. विभागांकडेही जागा नसते, आणि न मागता आलेलं सामान व्हरांड्यात पडून राहतं.

शोधप्रबंध आणि व्यावसायिक पुस्तकं विभागाच्या ग्रंथालयाला. मराठी पत्रव्यवहार, डायऱ्या, नाटक-संगीताच्या कार्यक्रमांचे कागद असतील तर महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या इथल्या संस्थेत आधी विचारून बघा. इंदूरच्या मराठी डॉक्टरांपैकी कितीतरी जण संध्याकाळी नाट्यमंडळांत रमत, आणि त्या कागदांची किंमत दंतवैद्यकाबाहेरही आहे. एक आवडता प्लायर घरच्यांकडे राहू द्या.

स्कॅन केलेल्या फाइलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग विषय. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. मूळ कागद कुठे दिला, कोणी घेतला, त्याची सही असलेली यादी तारखांच्या कागदाला टाचून ठेवा.

लेख छापल्यावर चुका कळवणारे फोन येतील, विशेषतः जुन्या वर्गमित्रांचे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दुरुस्त्या कोणाकडे कळवायच्या ते छापा, प्रत्येक दुरुस्ती त्याच तीन रकान्यांच्या कागदावर चढवा, आणि विभागाला दिलेल्या प्रतीत ती पेन्सिलीने नाही, शाईने करा.